अधोलीचं घर

वाडा रिकामा करायचा होता म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही आईची कोठीची खोली आवरायला काढली. नारायण पेठेतला वाडा, बिल्डरशी करार होऊन दोन वर्षं झालेली आणि आता पावसाच्या आत सामान हलवा असा निरोप आलेला. तर माळ्यावर एका गोणपाटात बांधून ठेवलेली मापं निघाली. आईच्या माहेरची, पवन मावळातली, खंडाचा तांदूळ मोजून घ्यायला वापरायचे ती. एक चिपटं, एक मापटं, एक शेर आणि एक पायली. लोखंडी, काठाला पितळेची पट्टी, बुडाला गंज. आईने एकेक हातात घेतलं, पदराने पुसलं, फरशीवर ओळीने मांडलं आणि मांडताना शेर आणि पायलीच्या मध्ये चार बोटं जागा सोडली.

"इथं अधोली होती. तुझ्या आत्यानं नेली ती परत आलीच नाही."

आई ७८ वर्षांची आहे, गुडघे गेलेत पण कुठली वस्तू कोणी कधी नेली हे सगळं लक्षात.

ज्यांनी ही मापं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली आणि दोन अधोल्या म्हणजे एक पायली. चिपट्याच्या खाली कोळवं, निळवं अशी अजून लहान असायची, तीसुद्धा निम्मी निम्मीच. पायलीच्या वर गेलं की हिशोब बदलतो, १६ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी, पण पायलीपर्यंत प्रत्येक माप आधीच्याच्या बरोब्बर दुप्पट. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आणि गेली २५ वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंग करतेय. पण या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायची वेळ त्या दिवशी आली, आणि आली ती ताईच्या मुलामुळे.

भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये केटी लागलीय, म्हणजे तो विषय राहिलाय. सामान हलवायला मदत करायला आला होता पण सोबत वही घेऊन आला होता, ताईने तंबीच दिली होती तशी. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले तेव्हा हा खोक्यावर वही ठेवून गणितं करत बसला. दशमान संख्या बायनरीत करा, म्हणजे शून्य आणि एक हे दोनच आकडे वापरून लिहा. २२ ला दोनने भागा, भागाकार ११, बाकी ०. ११ ला दोनने भागा, ५, बाकी १. मग २, बाकी १. मग १, बाकी ०. मग ०, बाकी १. आणि उजवीकडे बाक्यांच्या रांगेला खालून वर जाणारा बाण. उत्तर १०११०.

बरोबर होतं. मी तसं म्हटलं पण त्याला. तर म्हणाला, "मावशी, बरोबर येतं गं, पण बाण खालून वर का? वरून खाली लिहिलं की चूक, पण का चूक ते कोणी सांगत नाही. मी परीक्षेत उलटं लिहून आलो, पाचही गणितं गेली."

मला एकदम १९९३ आठवलं. मी पण डिप्लोमाच. आमच्या वेळी पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं फार कौतुक होतं, दोनच वर्षांपूर्वी त्यांचा परम ८००० आला होता, विद्यापीठाच्या रस्त्याने बसने जाताना मैत्रिणी आत बोट दाखवून सांगायच्या की तिथे सुपरकॉम्प्युटर आहे. आणि वर्गात आम्हाला शिकवलं होतं की बाक्या खालून वर लिहायच्या. कोणीतरी विचारलं होतं का म्हणून, तर उत्तर मिळालं होतं की पद्धत तशीच आहे, तसं लिहा, मार्क मिळतील. मिळाले. मी तो बाण आयुष्यभर काढत आले, आणि या पोराने विचारल्यावर मला सांगता येईना. म्हणजे सूत्र मांडून सिद्ध करता आलं असतं, पण त्याला ते नको होतं. त्याला दिसायला हवं होतं.

समोर मापं होती.

आईला विचारलं तांदूळ किती आहेत, ती म्हणाली डबा भरलेला आहे, तो पण रिकामा करायचाच आहे. चादर अंथरली. आईने चिपटं घेतलं आणि मोजायला लागली, "लाभ, दोन, तीन, चार…" पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, धान्य मोजताना ही आमच्याकडची रीत. भाच्याने हे पहिल्यांदाच ऐकलं, त्याला इतकं आवडलं की तोही बरोबर मोजायला लागला. चादरीवर २२ छोटे छोटे ढीग झाले.

आता म्हटलं हे सगळं मापट्यात घाल. दोन दोन ढीग उचलून मापट्यात, मापटं भरलं की बाजूला ओत. ११ ढीग झाले, चिपट्याचा सुटा ढीग एकही उरला नाही. म्हटलं लिही, चिपटी शून्य. मग ११ ढिगांचे शेर केले. पाच शेर झाले आणि मापट्याचा एक ढीग उरला, त्याला जोडीदारच नाही. लिही, मापटं एक. मग आईने पाच शेरांतले चार उचलून सरळ पायलीत घातले, पायली काठोकाठ भरली, शेराचा एक ढीग उरला. शेर एक, पायली एक.

तो थांबला. वहीकडे बघितलं, चादरीकडे बघितलं. "मावशी, हे तेच आहे. भागाकार म्हणजे पुढच्या मापाचे ढीग, आणि बाकी म्हणजे जो ढीग मागे राहिला तो."

हेच. दोनने भागायचं म्हणजे जोड्या लावून वरच्या मापात भरायचं, आणि बाकी म्हणजे जोडी न मिळालेला. आता बाण. सगळ्यात आधी मागे काय राहतं? सगळ्यात लहान माप, चिपटं. शेवटी काय राहतं? पायली. पण बोलताना आपण काय म्हणतो, एक पायली, एक शेर, एक मापटं. मोठं आधी. मोजताना लहानाकडून मोठ्याकडे जायचं आणि लिहिताना मोठ्याकडून लहानाकडे, म्हणून उलटं. बाणाचं कारण एवढंच. मला हे ३० वर्षांनी कळलं आणि कळल्यावर मी तिथेच त्या चादरीवर बसून राहिले थोडा वेळ.

पण गोष्ट संपली नव्हती, कारण त्याने चादरीवरून वाचून लिहिलं १११०. आणि वहीत होतं १०११०. त्याने उलट तपासून पाहिलं, उजवीकडून घरांची किंमत १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाते, तर ८ अधिक ४ अधिक २, म्हणजे १४ येतात. आठ चिपटी तांदूळ गेले कुठे? तांदूळ तर समोर होते. त्याने परत मोजले, तो पायलीच्या खाली सांडलेत का बघायला लागला, मीही दोन मिनिटं गोंधळले. आणि आई, जिला बायनरी हा शब्दसुद्धा माहीत नाही, ती मापांच्या ओळीकडे बघून म्हणाली,

"अरे, अधोलीचं घर सोडलंस का?"

चार बोटं जागा. अधोली लागली नाही, पण तिचं घर आहे. ते रिकामं दाखवलं नाही तर पायली एक घर खाली घसरते आणि अधोली होते, सोळाची आठ. तिथे शून्य लिहिलं की १०११०. आम्ही शाळेत शून्याची महती म्हणून कायकाय पाठ केलेलं असतं, पण शून्य नक्की काय काम करतं हे मला त्या चादरीवर जितकं स्पष्ट दिसलं तितकं कुठेच नव्हतं दिसलं. गेलेल्या भांड्याची जागा धरून ठेवतं ते.

यानंतर भाचा थांबेचना. म्हणाला १३ करू. १३ चिपट्यांची सहा मापटी, चिपटं एक उरलं. सहा मापट्यांचे तीन शेर, मापटं शून्य. आता तीन शेर आहेत आणि पायली भरायला चार लागतात. अधोली असती तर एक अधोली आणि एक शेर, उत्तर ११०१. पण अधोली नाही म्हणून शेराच्या घरात तीन. तो म्हणाला बायनरीत तीन कसे चालतील? बायनरीत नाहीच चालत, पण आपल्या मापांमध्ये त्या जागी दोनाऐवजी चाराची उडी पडलीय, मग तिथे ०, १, २, ३ सगळं चालतं. जेवढ्याची उडी तेवढेच आकडे. दहाची उडी असेल तर नऊपर्यंत, दोनाची असेल तर एकपर्यंत. दशमान, बायनरी, ऑक्टल (आठाचं), हेक्साडेसिमल (सोळाचं) अशी चार वेगवेगळी प्रकरणं म्हणून पोरांना शिकवतात आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी पाठ करायला लावतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण तांदूळ तेवढेच आहेत, मापं बदललीत.

चाराचं नाव निघालं तशी आई आण्यांवर गेली. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली तेव्हा ती दहा वर्षांची, म्हणजे शाळेतले हिशोब तिने आणे-पैमध्ये शिकले आणि मधेच सगळं बदललं. चार पैशांचा आणा, चार आण्यांची पावली, चार पावल्यांचा रुपया. परत चार चार चार. तिच्या वडिलांच्या चोपड्यांमध्ये रुपयांच्या आकड्यापुढे पावल्यांसाठी उभ्या रेघा असायच्या आणि आण्यांसाठी आडव्या. पाच रुपये अकरा आणे लिहायचे तर ५, मग दोन उभ्या आणि तीन आडव्या. तिने भाच्याच्या वहीत काढून दाखवलं, हात थरथरतो पण रेघा सरळ.

आता बघा हं. अकरा आणे म्हणजे दोन पावल्या आणि तीन आणे. दोन बायनरीत १०, तीन बायनरीत ११. शेजारी शेजारी ठेवा, १०११, आणि १०११ म्हणजेच अकरा. काही आकडेमोड नाही, नुसतं शेजारी ठेवायचं. कारण चाराचं एक घर म्हणजे दोनाची दोन घरं. तसंच सोळाचं एक घर म्हणजे दोनाची चार घरं. हेक्साडेसिमलमध्ये नऊच्या पुढे आकडे संपतात म्हणून ए, बी, सी, डी, ई, एफ अशी अक्षरं घेतात, दहाला ए, अकराला बी, पंधराला एफ. पोरांना हे फार परकं वाटतं. पण रुपये आणि आणे म्हणजे सोळाचाच हिशोब. दोन रुपये अकरा आणे याला हेक्समध्ये २बी म्हणायचं, आणि त्याचे एकूण आणे किती तर दोन सोळे बत्तीस आणि अकरा, ४३. आजही आपण पन्नास पैशाला आठ आणे म्हणतो, एखादी गोष्ट सोळा आणे खरी म्हणतो. म्हणजे नाणी गेली तरी तोंडात सोळा राहिले.

आणि मग अपूर्णांक. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण हे माझ्या रोजच्या कामातलं आहे.

आईच्या पिढीने पाढ्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी पाठ केली. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा, साडेसतरा, ती आजही न थांबता म्हणते. मला शाळेत हे नव्हतं, आणि मला नेहमी वाटायचं की साडेतीनचा पाढा कशाला पाठ करायचा, दशांशात गुणता येतं की. पण बायनरीत लिहून बघा. निम म्हणजे अर्धा, ०.१. पाव म्हणजे ०.०१. पाऊण म्हणजे अर्धा आणि पाव, ०.११. सव्वा १.०१, दीड १.१, औट ११.१. पॉइंटच्या पुढे दोन घरांत सगळे बसले, कोणाचं शेपूट बाहेर लोंबत नाही. आईचे सगळे अपूर्णांक कॉम्प्युटरला पूर्ण कळतात, बरोब्बर, एका कणाचीही चूक न होता.

आणि आपला दहावा हिस्सा, ०.१, जो आपल्याला इतका सोपा वाटतो, तो कळत नाही.

मी अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरवर काम करते. कामाला लागले तेव्हा पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाईकाच्या महिनाअखेरच्या हिशोबात एक पैसा जास्त येत होता. एकच पैसा. पण ताळा जमत नव्हता आणि त्यांचे मुनीम, वयस्कर गृहस्थ, रोज फोन करायचे, ओरडायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "ताई, पैसा सापडला का?" चार दिवस आम्ही शोधत होतो. शेवटी एका सीनियरने मला कॉम्प्युटरवर ०.१ अधिक ०.२ करून सगळी घरं दाखवायला सांगितली. उत्तर आलं पॉइंट तीन, मग १५ शून्यं आणि मग शेवटी चार. मला धक्का बसला होता तेव्हा. यंत्र बेरीज चुकतं?

बेरीज नाही चुकत. जुनी वजनं घ्या, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक, म्हणजे शेराचा अर्धा, पाव, अष्टमांश, सोळावा भाग. आता या वजनांनी शेराचा बरोबर दहावा हिस्सा तोलून दाखवा. अच्छेर जास्त होतो. पावशेर जास्त. अदपावसुद्धा जास्त होतो. छटाक चालतो, पण थोडं कमी पडतं. अर्धा छटाक अजून टाका, तोही चालतो, तरी कमीच. पाव छटाक टाकला की जास्त. त्याचा अर्धा, तरी जास्त. त्याचाही अर्धा, चालतो. त्याचा अर्धा, चालतो. मग परत दोन नाही चालत, मग दोन चालतात, आणि हे असं कधीच संपत नाही. ०.०००११००११००११… आपल्याकडे दशांशात एक तृतीयांश लिहिताना तीन संपत नाहीत ना, तसंच. कॉम्प्युटरला कुठेतरी थांबावंच लागतं, तो थांबतो तिथे एक धूळकण राहून जातो, आणि हजारो नोंदींमध्ये तेच धूळकण जमून मुनीमकाकांचा एक पैसा होतो. उपाय अगदी साधा. रुपयांत हिशोब ठेवायचाच नाही, पैशांत ठेवायचा, पूर्ण संख्येत, आणि दाखवताना फक्त शंभराने भागायचं. आम्ही तसं बदललं. मुनीमकाकांना फोन करून सांगितलं पैसा सापडला, तर म्हणाले, "देव भलं करो." एका पैशासाठी. मला ते अजून आठवतं.

हे मी भाच्याला सांगत होते तेव्हा आई म्हणाली, नवे पैसे आले तेव्हा एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे व्हायचे, तो पाव पैसा कोणाचा यावरून दुकानात वाद व्हायचे. दोन हिशोब एकमेकांत बसत नाहीत तेव्हा काहीतरी उरतंच, आणि ते कोणाच्या तरी खिशातून जातं.

भाच्याचा पुढचा प्रश्न बरोबर होता. दशमान एवढं अंगवळणी पडलेलं असताना मग यंत्राला दोनाचीच मापं का दिली? याचं उत्तर पण आईच्या हातात होतं. ती माप भरताना कधी शीग ठेवायची, कधी काठाला थोडं कमी राहायचं. शीग असली तरी एक चिपटं, जरासं कमी असलं तरी एक चिपटं. भरलंय की रिकामं एवढंच बघायचं. तारेतून येणारी वीजसुद्धा अशीच, कधी थोडी जास्त कधी थोडी कमी, उष्णतेने बदलते, शेजारच्या तारेमुळे हलते. त्याच्या लॅबमधल्या पाच व्होल्टवाल्या टीटीएल जातीच्या चिपच्या इनपुटला ०.८ व्होल्टपर्यंत शून्य आणि दोन व्होल्टच्या वर एक, मधला पट्टा मोकळा सोडलेला. दहा आकडे ठेवायचे असते तर त्याच पाच व्होल्टमध्ये दहा पट्टे करावे लागले असते, आणि मग जराशी शीग आली की चाराचे पाच झाले असते. ही त्याच्या पुस्तकातलीच माहिती, त्यानेच मला आकडे सांगितले, पण तांदळाच्या शेजारी ठेवल्यावर त्याचा चेहरा उजळला.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन पिंगळाचं छंदशास्त्र परत वाचायला घेतलं, म्हणजे त्यातला आठवा अध्याय, जो आकड्यांचा आहे. पिंगळ इसवी सनाच्या आधीच्या शतकांतला मानतात. त्याने कॉम्प्युटर शोधला असलं काही मला म्हणायचं नाही, त्याला वृत्तं मोजायची होती. पाच अक्षरांच्या ओळीत लघु-गुरु किती प्रकारे बसतात, आणि त्यांची यादी केली तर बाविसावी ओळ कुठली, यादी पुसली गेली असेल तरी कशी काढायची. त्याचं उत्तर दोन इवल्याशा सूत्रांत आहे, लर्धे आणि सैके ग्. संख्या सम असेल तर अर्धी कर आणि लघु लिही, विषम असेल तर एक मिळवून अर्धी कर आणि गुरु लिही, आणि असंच पुढे. दहाव्या शतकात हलायुधाने यावर टीका लिहून ते उलगडून ठेवलं. युरोपात लायब्निट्सचा शून्य-एकाच्या अंकगणितावरचा लेख १७०३ चा. पण मला पिंगळात सगळ्यात आवडलं ते हे की तो पहिली बाकी आली की पहिलं अक्षर लिहितो, दुसरी आली की दुसरं. लहान घर डावीकडे. बाण उलटा करायची गरजच नाही त्याला! भाच्याने परीक्षेत लिहिलं होतं तसं.

आणि आपण मराठीत बोलतोसुद्धा तसंच की. बावीस म्हणजे दोन आणि वीस, लहान आधी. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात वीस दोन असं लिहायला घेतलं तेव्हा केवढी चर्चा झाली होती. मुलांना सोपं जावं हा हेतू मला पटतो, पण बावीस ऐकताना आधी दोन ऐकू येतात याचं मला आता वेगळंच अप्रूप वाटतं.

शाळेत वृत्तं शिकताना यमाताराजभानसलगा पाठ केलं असेल सगळ्यांनी. त्याला आता लघु म्हणजे शून्य, गुरु म्हणजे एक असं लिहा. ०१११०१०००१. पहिल्यापासून तीन तीन अक्षरं घेत एकेक घर सरका. ०११, १११, ११०, १०१, ०१०, १००, ०००, ००१. तीन घरांत शून्य-एक मांडायचे आठच प्रकार आहेत, आणि ते आठही आले, प्रत्येक एकदाच. दहा अक्षरांत. मी हे रात्री साडेअकराला कागदावर लिहून बघितलं आणि भाच्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, तो जागाच होता.

त्याने उत्तरादाखल एक कोडं पाठवलं, फक्त आकडे, ०००० १००१ ००१० १११०. चार चारचे गट म्हणजे हेक्स. शून्य, नऊ, दोन, आणि १११० म्हणजे चौदा, म्हणजे ई. ०९२ई. दशमानात २३५०. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीची घरं ०९०० पासून ०९७एफ पर्यंत आहेत, १२८ घरं, आणि ०९२ई या घरात म राहतो. मी हे वाक्य मोबाईलवर लिहिते आणि तुम्ही वाचता तेव्हा मधल्या सगळ्या वाटेवर म हा असाच भरलेल्या-रिकाम्या मापांचा असतो. मी त्याला विचारलं म का? तर म्हणाला, मावशीचा.

जुलैत आई वारज्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. मापं तिने स्वयंपाकघरातल्या कप्प्यात मांडली, शेर आणि पायलीच्या मध्ये जागा ठेवून. भाच्याच्या मनाने घेतलं की अधोली आणायचीच. एका शनिवारी तो पिशवीत आईचा शेर आणि तांदूळ घेऊन रविवार पेठेत गेला, दोन-तीन दुकानं हिंडला आणि एका ठिकाणी त्याला पितळेची चकचकीत मापं दिसली, पाचही, उतरंडीसारखी लावलेली. दुकानदाराने अधोली काढून दिली. याने दुकानदाराची परवानगी घेऊन आपल्या शेराने तांदूळ ओतून बघितले. पहिला शेर गेला, दुसरा अर्धा गेला आणि अधोली सांडायला लागली. दीड शेर जेमतेम. दुकानदार म्हणाला, अरे ही शोभेची असतात, हल्ली कोण मोजतं. हा घेतल्याशिवाय परत आला. आईला म्हणाला, "आजी, ती अधोली नव्हती, तिचं नाव फक्त अधोली होतं." आई म्हणाली, "बरं केलंस. दोनदा शेर टाकता येतो."

परवा रविवारी ताई आली होती, नवीन मिक्सर घेऊन. ओट्यावर जागा नव्हती म्हणून कप्प्यात ठेवायला गेली आणि मापांमधली रिकामी जागा बघून तिने पायली सरकवून शेराला चिकटवली. आई आणि भाचा दोघंही एकदम "थांब" म्हणाले. ताई हात वर धरून बघतच राहिली. आईने उठून पायली परत चार बोटं लांब सरकवली आणि मिक्सर फ्रीजवर ठेवायला सांगितला.